पाच मिनिटांचा सामना, अकरा महिन्यांचं प्रकरण: ब्राझील–अर्जेंटिना, साओ पाउलो, २०२१

प्रकरण काय होतं

५ सप्टेंबर २०२१, रविवार. साओ पाउलोच्या इताकेरा भागातल्या निओ किमिका अरेनात दुपारी चार वाजता ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यातला विश्वचषक पात्रता सामना सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि कोल्हापुरापासून मडगावपर्यंत पिवळ्या आणि निळ्या-पांढऱ्या जर्सीवाले जागे होते. जेमतेम पाच मिनिटांचा खेळ झाला आणि सरकारी माणसं हातात कागद घेऊन मैदानात शिरली. सामना थांबला तो कायमचाच. पाऊस नव्हता, दंगल नव्हती, दिवे गेले नव्हते. ब्राझीलची आरोग्य नियामक संस्था ॲन्व्हिसा हिला अर्जेंटिनाचे चार खेळाडू देशाबाहेर काढायचे होते, आणि त्यातले तीन त्या क्षणी मैदानावर खेळत होते.

या सामन्याबद्दल ‘ब्राझीलने डाव साधला’ आणि ‘अर्जेंटिनाने खोटेपणा केला’ अशा दोन गोष्टी सांगितल्या जातात. दोन्हीत थोडं तथ्य आहे, पण दोन्हींतून मुख्य प्रश्न निसटतो: ज्या गोष्टीचा निर्णय शनिवारी संध्याकाळी होऊ शकत होता, ती रविवारी चेंडू फिरत असताना मैदानात कशी पोहोचली?

पार्श्वभूमी

सुरुवात मार्च २०२१ पासून करावी लागते. हा सामना मुळात तेव्हाचा होता. पण युरोपातले क्लब करोनाकाळात खेळाडू सोडायला तयार नव्हते, म्हणून दक्षिण अमेरिकेच्या मार्चमधल्या दोन्ही फेऱ्या पुढे ढकलल्या गेल्या. ते सामने कुठे तरी बसवायचे तर सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय ‘खिडकी’त, म्हणजे क्लबांनी राष्ट्रीय संघांसाठी खेळाडू सोडायच्या ठरलेल्या दिवसांत, दोनाऐवजी तीन सामने कोंबावे लागले. फिफाने त्यासाठी खिडकी दोन दिवसांनी वाढवून दिली. क्लब मंडळी यावर आधीच चिडलेली होती.

दुसरीकडे ब्रिटनने ब्राझील आणि अर्जेंटिना दोघांनाही आपल्या ‘लाल यादी’त टाकलं होतं. तिथून परतणाऱ्याला दहा दिवस हॉटेलात विलगीकरण. म्हणजे खेळाडू राष्ट्रीय संघाकडून खेळून आला की क्लबच्या दोनतीन सामन्यांना मुकणार. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबांनी २४ ऑगस्टला एकमुखाने जाहीर केलं की लाल यादीतल्या देशांत आम्ही खेळाडू पाठवणार नाही. १९ क्लबांचे साठेक खेळाडू त्यात अडकत होते. ब्राझीलला हे सोसावं लागलं. अलिसन, एडरसन, थियागो सिल्वा, फिर्मिनो, रिचार्लिसन असे इंग्लंडमधले नऊ जण संघाबाहेर राहिले आणि चिलीत गोलरक्षणाला वेवर्टन उभा राहिला.

अर्जेंटिनाने मात्र आपले चौघे मिळवले. ॲस्टन व्हिलाचे एमिलियानो मार्तिनेझ आणि एमिलियानो बुएंदिया, टॉटनहॅमचे क्रिस्तियन रोमेरो आणि जिओवानी लो सेल्सो. जुलैत रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला हरवून कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेची स्पर्धा जिंकलेला हा संघ होता आणि गोलरक्षक मार्तिनेझ त्या यशाचा कणा होता. त्याला सोडून ब्राझीलमध्ये उतरायचं हे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांना पटणं अवघड होतं, हे समजण्यासारखं आहे.

आता ब्राझीलचा नियम. मंत्रालयांच्या संयुक्त आदेशानुसार, गेल्या चौदा दिवसांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा भारतात राहिलेल्या परदेशी माणसाला ब्राझीलमध्ये प्रवेश नव्हता. हो, भारतही त्या यादीत होता. डेल्टाच्या लाटेनंतर आपण बऱ्याच देशांच्या अशा याद्यांत होतो. नियम गुप्त नव्हता, नवाही नव्हता, आणि फुटबॉलपटूंसाठी म्हणून केलेला तर मुळीच नव्हता.

अडचण

अर्जेंटिना २ सप्टेंबरला काराकासमध्ये व्हेनेझुएलाला ३–१ हरवून शुक्रवारी, ३ सप्टेंबरला, साओ पाउलोत उतरला. विमानतळावर प्रत्येक प्रवाशाचा आरोग्यविषयक फॉर्म द्यावा लागे आणि गेल्या चौदा दिवसांत तुम्ही कुठे होता, हा त्यातला प्रश्न होता. ॲन्व्हिसाच्या म्हणण्यानुसार या चौघांच्या फॉर्मवर ब्रिटनचा उल्लेख नव्हता.

बुएंदियाने २८ ऑगस्टला बर्मिंगहॅममध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध व्हिलासाठी गोल केला होता. तो सामना टीव्हीवर जगभर दिसला होता. फॉर्म दिला गेला त्याच्या सहाच दिवसांनी. अशी माहिती लपवता येईल असं कुणाला वाटलं असेल, हे मला खरंच पटत नाही. जास्त शक्यता ही की एवढ्या मोठ्या संघाचे फॉर्म गठ्ठ्याने भरले गेले आणि ‘खेळाडूंना आपला वेगळा प्रोटोकॉल आहे’ असं गृहीत धरलं गेलं. अर्जेंटिना फुटबॉल महासंघाची नंतरची भूमिकाही याच धाटणीची होती: पात्रता सामन्यांसाठी ठरलेला आरोग्य प्रोटोकॉल आहे, आम्ही त्याप्रमाणेच वागलो, आणि खोटं काही सांगितलेलं नाही, असं अध्यक्ष क्लाउदियो तापिया म्हणत राहिले.

म्हणजे प्रत्येकाच्या खिशात एकेक कागद होता. ॲन्व्हिसाकडे देशाचा आदेश. अर्जेंटिनाकडे फुटबॉलचा प्रोटोकॉल. पंचांकडे संघाची यादी. हे तीन कागद एका टेबलावर ठेवून ‘आता यातला कुठला चालणार’ असं विचारणारा आणि ज्याचं उत्तर सगळ्यांना मानावं लागेल असा माणूस कुणीच नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेकडे, कॉन्मेबोलकडे, रोजचं काम, पण स्पर्धा फिफाची. यजमान ब्राझीलचा महासंघ, पण पाहुण्या संघाच्या यादीवर त्याचा अधिकार शून्य.

शनिवार संध्याकाळ: समोरचे पर्याय

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची वेळ ही आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ॲन्व्हिसाच्या निवेदनानुसार ४ तारखेला, शनिवारी, आरोग्य अधिकारी, कॉन्मेबोल, ब्राझीलचा महासंघ आणि अर्जेंटिनाचे प्रतिनिधी यांची बैठक झाली आणि चौघांनी विलगीकरणात राहावं असं तिथे सांगण्यात आलं. सामन्याला अजून जवळपास एक दिवस होता.

ॲन्व्हिसापुढे तेव्हा काय होतं? पहिला मार्ग सरळ होता: त्याच रात्री हॉटेलात लेखी नोटीस बजावायची, फेडरल पोलिसांना सोबत घ्यायचं आणि चौघांना खोल्यांमध्येच थांबवायचं. वाद झाला असता, पण तो लॉबीत झाला असता. दुसरा मार्ग म्हणजे सरकारच्या वरच्या पातळीवर प्रश्न नेऊन अपवाद द्यायचा की नाही, हे होय किंवा नाही असं मिळवायचं. तिसरा, तोंडी सांगून समोरच्याच्या शहाणपणावर सोडायचं. प्रत्यक्षात बराचसा तिसराच मार्ग चालला. कागदावर ‘सूचना दिली’ अशी नोंद राहिली, पण सूचना आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये एक अख्खी रात्र मोकळी सुटली.

अर्जेंटिनापुढेही पर्याय होते. चौघांना यादीतून वगळायचं आणि तक्रार फिफाकडे नोंदवायची. संघाचं बळ कमी झालं असतं, पण स्कालोनींकडे फ्रांको अर्मानीसारखा अनुभवी गोलरक्षक होताच. किंवा लेखी हमीशिवाय मैदानात उतरणार नाही असं आयोजकांना शनिवारीच कळवायचं. किंवा खेळवायचं आणि काय होतं ते बघायचं. व्यवस्थापनाने शेवटचा पर्याय घेतला. त्यांना नियम ठाऊक नव्हता असं म्हणायला जागा नाही, कारण बैठक झालेली होती. त्यांचा हिशेब बहुधा असा असावा: ब्राझील–अर्जेंटिना सामना, जगभर थेट प्रक्षेपण, समोर मेस्सी आणि नेमार, हा कोण थांबवणार? हिशेब अगदीच खुळा नव्हता. नव्वद टक्के वेळा असा हिशेब बरोबर निघतो, म्हणून तर लोक तो करतात.

तिसरा पक्ष आयोजकांचा. फुटबॉलमध्ये सामन्याआधी दोन्ही संघ आपली यादी अधिकृतपणे सादर करतात. त्यात मार्तिनेझ, रोमेरो आणि लो सेल्सो सुरुवातीच्या अकरात होते. बुएंदिया या यादीत नव्हता, पण तोही देशात होताच. ही यादी सामन्यावर देखरेख करणाऱ्या सामना आयुक्तांच्या हाती पडली, तेव्हा ज्या तिघांना देशात राहायलाच मनाई आहे ते खेळणार, हे पांढऱ्यावर काळं झालं. ॲन्व्हिसाचं निवेदनही रविवारी सामन्याआधीच बाहेर आलेलं होतं: चौघांना ताबडतोब वेगळं ठेवावं, कुठल्याही कामात भाग घेऊ देऊ नये, देशात राहू देऊ नये. इतकं सगळं हातात असताना शिट्टी वाजू दिली गेली. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही. मैदानात शिरणारा अधिकारी कॅमेऱ्यात दिसतो म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो. सुरुवातीला ‘थांबा’ न म्हणणारे कॅमेऱ्यात नसतात.

इथे त्याच आठवड्यातलं दुसरं उदाहरण डोळ्यांसमोर येतं. १० सप्टेंबरला मँचेस्टरला भारत–इंग्लंड पाचवी कसोटी होती. भारतीय ताफ्यात करोना शिरला, रात्रभर बोलणी झाली आणि नाणेफेकीच्या काही तास आधी सामना रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्यावरही टीका झाली, पैशाचा वाद झाला, पण मैदानावर कुणाला कुणी धरलं नाही. ती कसोटी पुढे जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला खेळली गेली. निर्णय दोन्हीकडे वाईटच होते. फरक एवढाच की मँचेस्टरला तो ड्रेसिंग रूमच्या आत झाला.

काय घडलं

ॲन्व्हिसाचं म्हणणं असं की त्यांची माणसं हॉटेलवर गेली तेव्हा संघ मैदानाकडे निघून गेला होता. मग ती मैदानावर आली. तोवर सामना सुरू झाला होता.

पाचव्या मिनिटाच्या सुमारास बाजूरेषेवर गर्दी झाली आणि काही माणसं आत शिरली. अर्जेंटिनाचा ओतामेंदी आणि आकुन्या एका अधिकाऱ्याला भिडले, ढकलाढकल झाली. थोड्याच वेळात अर्जेंटिनाचा संघ आत निघून गेला. मेस्सी पुन्हा बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर फोटोग्राफरांचं जाकीट होतं, आणि तो, नेमार, स्कालोनी आणि ब्राझीलचे प्रशिक्षक तीते घोळका करून बोलत होते. आम्ही तीन दिवस इथेच आहोत, मग आधी का नाही आलात, असा मेस्सीच्या बोलण्याचा रोख होता. प्रश्न बिनतोड होता. पण तो जितका ॲन्व्हिसाला लागू होता, तितकाच त्याच्या स्वतःच्या महासंघालाही.

व्हेनेझुएलाचे पंच हेसुस व्हालेन्झुएला यांच्यापुढे आता एकच गोष्ट उरली होती. खेळाच्या नियमांतल्या पाचव्या नियमानुसार बाहेरचा हस्तक्षेप झाला तर पंच सामना थांबवू, स्थगित करू किंवा सोडून देऊ शकतो. त्यांनी तेच केलं. कॉन्मेबोलने लगेच कळवलं की पंचांच्या निर्णयाने सामना थांबला आहे, अहवाल फिफाच्या शिस्तपालन समितीकडे जाईल, आणि ही स्पर्धा फिफाची असल्यामुळे सगळे निर्णय तिचेच. इतक्या घाईत हात झटकणारं निवेदन दुर्मीळच.

ब्राझीलचे खेळाडू मैदानावरच थांबले आणि आपापसांत दोन संघ करून सराव करू लागले. अर्जेंटिनाचा संघ त्याच रात्री मायदेशी परतला. इंग्लंडवाले चौघे पुढे क्रोएशियाला गेले, तिथे मुक्काम करून मग ब्रिटनमध्ये परतण्यासाठी. म्हणजे ज्या विलगीकरणावरून हे सगळं सुरू झालं, त्यातून सुटण्याची वाट क्लबांनी शोधून ठेवली होती. ब्राझीलच्या नियमातून सुटण्याची वाट मात्र कुणी शोधली नव्हती.

निकाल

फिफापुढे चार वाटा होत्या. अर्जेंटिनाला ३–० विजय द्यायचा, कारण यजमानांनी सुरक्षा सांभाळली नाही. ब्राझीलला ३–० द्यायचा, कारण पाहुण्यांनी अपात्र खेळाडू उतरवले आणि मैदान सोडलं. सामना पुन्हा खेळवायचा. किंवा सोडून द्यायचा. पहिल्या दोन्हींत एक बाजू संपूर्ण दोषी ठरणार होती आणि वस्तुस्थिती तशी नव्हती.

१४ फेब्रुवारी २०२२ ला शिस्तपालन समितीने तिसरी वाट घेतली. सामना पुन्हा. ब्राझीलच्या महासंघाला सुरक्षेतल्या त्रुटींसाठी पाच लाख स्विस फ्रँक, अर्जेंटिनाच्या महासंघाला दोन लाख, शिवाय सामना अर्धवट राहिल्याबद्दल दोघांनाही पन्नास-पन्नास हजार दंड. चारही खेळाडूंना दोन-दोन सामन्यांची बंदी. मे महिन्यात अपील समितीने मोठे दंड निम्मे केले, पण फेरसामना कायम ठेवला. तारीख ठरली २२ सप्टेंबर २०२२.

तोवर या सामन्याला अर्थ उरला नव्हता. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलने त्याच निओ किमिका अरेनात कोलंबियाला १–० हरवून कतारमधल्या विश्वचषकाचं तिकीट काढलं होतं. पाच दिवसांनी सान हुआनमध्ये ब्राझील–अर्जेंटिना परतीचा सामना ०–० सुटला आणि अर्जेंटिनाही पात्र ठरला. गुणतक्त्यात ब्राझील ४५, अर्जेंटिना ३९, दोघेही अपराजित. विश्वचषकाआधीची शेवटची खिडकी सप्टेंबरची. तिथे सवयीच्या प्रतिस्पर्ध्याशी दुखापतीचा धोका पत्करून निरर्थक सामना खेळण्यापेक्षा कतारमध्ये भेटू शकतील अशा प्रकारचे संघ बघावेत, हे तीते यांचं मत उघड होतं. दोन्ही महासंघांनी क्रीडा लवाद न्यायालयात धाव घेतली होती. शेवटी १६ ऑगस्ट २०२२ ला तडजोड झाली आणि फिफाने फेरसामना रद्द केला. ब्राझील घाना आणि ट्युनिशियाशी खेळला, अर्जेंटिना होंडुरास आणि जमैकाशी. बाकी आठ संघांचे १८ सामने झाले, या दोघांचे १७ वरच थांबले.

शिक्षा कुणाला लागली हे पाहण्यासारखं आहे. खेळाडूंना खरोखर बसावं लागलं: मार्च २०२२ च्या शेवटच्या दोन पात्रता सामन्यांत चौघेही नव्हते. ज्यांनी फॉर्मचा, यादीचा आणि शिट्टीचा निर्णय घेतला त्यांना दंड झाला, तोही संस्थेच्या तिजोरीतून.

काय वेगळं करता आलं असतं

ॲन्व्हिसाचा नियम चुकीचा होता असं मला वाटत नाही. त्या काळात ब्राझीलमध्ये करोनाने मेलेल्यांचा आकडा साडेपाच लाखांच्या पुढे गेला होता. फुटबॉलपटूसाठी वेगळा कायदा ही मागणीच ओशाळवाणी होती. पण शनिवारी सांगितलं आणि रविवारी दुपारी पकडायला गेलो, याला अंमलबजावणी म्हणत नाहीत. शुक्रवारी विमानतळावरच पासपोर्ट आणि क्लबचं नाव जोडून पाहिलं असतं तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. चारही नावं जगातल्या कुठल्याही क्रीडा पानावर सापडत होती. सामना सुरू झालाच होता, तर तो संपेपर्यंत थांबून मैदानातून ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात नोटीस देण्याचाही पर्याय होता. आजाराच्या दृष्टीने तोवर जे व्हायचं ते झालंच होतं: चौघे दोन रात्री संघासोबत राहिले, जेवले, बसने आले. पुढच्या पंच्याऐंशी मिनिटांत नव्याने फारसं काही बिघडणार नव्हतं. याच्या उलट युक्तिवादही आहे आणि तो कमकुवत नाही: सामना होऊ दिला असता तर ‘मोठा सामना असला की नियम थांबतो’ हे सगळ्यांनी पाहिलं असतं.

अर्जेंटिनाच्या बाजूने बघायचं तर लेखी परवानगी हातात नसताना खेळाडू उतरवणं हा धोका त्यांनी खेळाडूंच्या डोक्यावर टाकला. मार्तिनेझ किंवा लो सेल्सोने ब्राझीलचा आदेश वाचावा ही अपेक्षाच चूक. ते काम ज्यांचं होतं त्यांनी चौघांपुढे तीन गोष्टी ठेवायला हव्या होत्या: यात अटक होऊ शकते, बंदी लागू शकते, आणि तुम्हाला नकार देता येतो.

पण सगळ्यात स्वस्त उपाय सामना आयुक्तांच्या टेबलावर होता. यादी सादर होताना यजमान देशाच्या आरोग्य आणि इमिग्रेशन खात्याचा एक माणूस तिथे बसवायचा आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याची सही घ्यायची. सही नसेल ते नाव खेळणार नाही. दोन्ही संघांना राखीव खेळाडू आहेतच. तीन खेळाडू बदलायला सामन्याआधी काही मिनिटं लागतात, आणि त्यासाठी मैदानात कुणाला शिरावं लागत नाही.